दुसऱ्याच्या हातचं टेंभरू

आत्याबाई, टेंभरं मिळाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, सासूला सांगण्यासारखं मधल्या काळात पुष्कळ घडलं, पण कागद काढून बसावं असं आजच वाटलं. चार-पाच दिवसांपूर्वी बसस्टँडच्या फाटकाबाहेर एक बाई टोपलं घेऊन बसली होती. वर पळसाची पानं, खाली पिवळी, जराशी मळकी टेंभरं, देठाजवळची टोपी तशीच डोक्यावर. मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला वाकून बघत म्हणाला, "खाला, ये चीकू हैं क्या?" म्हटलं, "चिकूची आजी समज." तो हसला, मीही हसले. पण तिथं उभ्या उभ्या मला अजिंठ्याच्या डोंगराखालचं आपलं रान दिसायला लागलं.

मी करमाडकडची, सपाट काळ्या मातीतली. बांधावरच्या बोरी आणि चिंचा, एवढंच माझं रानाचं ज्ञान. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला डोंगरात नेलंत. ऊन अजून कोवळं आहे, तुमच्या काखेत टोपली, पदर कमरेला खोचलेला. चालता चालता तुम्ही एकेक झाड असं दाखवताय जशी भावकीतल्या माणसाची ओळख करून द्यावी. हे चाराचं, याची फळं काळी पडली की खायची, बी फोडली की चारोळी. हे भोकर, हिरवं असलं की लोणच्याला, पिकलं की नुसता डिंक. तो बिब्बा, त्याच्यापासनं चार हात लांब, अंगावर उततो. मी मागून "व्हय, व्हय" करते, आणि तुमची पाठ वळताच फांदीवरचं एक टेंभरू ओरबाडून तोंडात टाकते. जीभ टाळूला चिकटली. धड गिळता येईना, धड थुंकता येईना. तुम्ही वळून पाहिलंत आणि हसून हसून खालीच बसलात. "बरं झालं! सांजपतोर तरी गप ऱ्हाशील."

रागावलात ते हसू आवरल्यावर. कच्चं खाल्लं म्हणून नाही. "नवं फळ आपल्याच हातानं आपल्या तोंडात घालती व्हय गं? कुणी नाय का तुला?" तुमच्या घरची रीत मला तेव्हा कळली. हंगामातलं पहिलं फळ दुसऱ्यानं तळहातावर ठेवलं तरच खायचं, मग ते टेंभरू असो नाहीतर आवळा. तुम्ही झाडाखाली पडलेलं एक उचललंत, टोपीजवळ अंगठ्यानं दाबून पाहिलंत, पदराला पुसून माझ्या हातावर ठेवलंत. मग मी शोधून एक तुमच्या हातावर ठेवलं. दोघींनी तिथंच दगडावर बसून खाल्लं. बिया लांब थुंकायला लावल्यात, म्हणालात की झाडाला पाय नसतात, आपणच त्याला चालवायचं.

वाण्याच्या पुड्यांचे कागद जुळवत मी वाचायला शिकले, तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक तुम्हाला. हे शहरात नोकरीला, त्यांना पत्र लिहायचं म्हटलं की तुम्ही चुलीजवळून सांगायच्या, "लिव्ह, टेंभरं पिकल्यात. हात घिऊन ये म्हणावं." आणि पिकल्या भोकराच्या बलकानं पाकीट तुम्हीच चिकटवायच्या, बोटं चाटत. पुढं तुम्ही गेलात, आम्ही गाव सोडून इथं फ्लॅटमध्ये आलो, पण रीत यांनी मोडू दिली नाही. गावाकडून येणाऱ्या एसटीत कुणी ना कुणी ओळखीचं असायचंच. एकदोन टेंभरं खिशात घालून हे यायचे आणि चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणायचे, "धर गं, हात कर." तुमचाच आवाज. हे गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात टेंभरं कुठं दिसलीच नाहीत, म्हणून प्रश्न पडला नाही. यंदा पडला.

घरी आणून धुतली, स्टीलच्या वाटीत ठेवली. मग आठवलं, हात कुणाचा? शेजारची बेल वाजवली. पोरगी चांगली आहे हो, माझं गॅसचं बुकिंग तीच करून देते. पण कानात ते मशीन आणि मागे कामाची मीटिंग चाललेली. "अय्या काकू, हे काय असतं? नको, उघड्यावरचं आहे ना, त्रास होईल. तुम्ही खा." दार हळूच लागलं, आपटलं नाही. मग बंगळूरला लेकाला फोन लावला, चेहरा दिसतो तो. त्याला सगळं सांगितलं, तळहात फोनसमोर धरला. तो म्हणाला, "मी ठेवलं समज, आई." आणि खरंच त्यानं चिमूट करून हात पुढं केला. बोटं काचेवर मोठी मोठी झाली आणि तिथंच थांबली. आम्ही दोघं हसलो. मग त्याला कुणीतरी हाक मारली.

वाटी पुढ्यात घेऊन बसले तेव्हा ते डोक्यात आलं. त्या टोपलीवालीनं भाव सांगायच्या आधी एक टेंभरू निवडलं होतं, टोपीजवळ दाबून, पदराला पुसून. माझ्या तळहातावर ठेवलं होतं. "खाऊन तं बघा मावशी, साखर हाय निस्ती." आणि मी काय म्हणाले असेन? "इथं नको बाई, घरी धुऊन खाईन." ते परत टोपल्यात ठेवलं. शेजारणीचं मनाला लावून घेत होते, आणि आधी तेच बोलून आले होते मी. शहरानं मला इतकं स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर गेले. तिच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा उभा. "ती व्हय? डोंगराकडची हाय ती. कवा येती, कवा नाय." परवाही जाऊन आले. घ्यायचं काही नव्हतं, वाटी भरलेलीच आहे. नुसता हात पुढं करायचा होता.

हे पत्र आता कुठल्या पाकिटात घालायचं, आणि भोकर तरी कुठं आहे चिकटवायला. टेंभरं सुरकुतली, चिलटं यायला लागलीत, तर हाच कागद वाटीवर झाकून ठेवते. एक मात्र सांगून टाकते. काल दुपारी दाराला कडी घालून मी एक खाल्लं, माझ्याच हातानं. वाटलं होतं तुरट निघेल, जीभ टाळूला चिकटेल, आणि तुम्ही कुठून तरी हसाल. गोड निघालं.