उत्तरेचे नऊ दिवे

३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारीच आलं, पण उत्तर लिहायला आजचा दिवस उजाडला. पोरीला नोकरीत कायम केलं हे वाचून फार बरं वाटलं. तिला सांग, मामा खूष आहे, आणि आता तरी तिने सकाळी हाक न मारता उठावं.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात तो आमच्या साहेबांपेक्षा बरा. यंदा तळ्याचं पाणी लवकर उतरलं. कडेचा चिखल उघडा पडला आणि तुतवार, शेकाटे थव्याने आले. सोमवारी पहिली तलवार बदकं उतरली, सतरा. माझ्या जोडीला आता नावाडी दिला आहे. माणूस भला, पण त्याच्या लेखी पक्षी दोनच प्रकारचे, उडालेला आणि बसलेला. परवा त्याने बदकांच्या रकान्यात बगळे लिहिले आणि वर मलाच म्हणाला, "पाण्यातच होते ना?" तुझे मास्तर असते तर त्यांनी त्याला तासभर अंगठे धरून उभं केलं असतं.

तू सहा नोव्हेंबरला यायचं म्हणतेस. मास्तरांना जाऊन त्या दिवशी वर्ष होईल. उत्तरेच्या लपणात, म्हणजे पक्षी मोजायच्या त्या फळ्यांच्या खोपटात, फटीपुढच्या बाकावर बरोबर चार वाजता बसायचं आणि नोंदवहीतलं ते पान बघायचं, एवढीच तुझी इच्छा. "शेवटची दुपार त्यांनी तुझ्याबरोबर बदकं मोजण्यात घालवली, या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं," असं तू लिहिलं आहेस. ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

पण यंदा ते जमेलसं दिसत नाही. उत्तरेच्या लपणाचं छप्पर उतरवलं आहे, भिंतीच्या फळ्याही बदलायच्या आहेत. काम कधी संपेल याचा नेम नाही. शिवाय नोव्हेंबरात इथे गार वारा सुटतो आणि तुझी छाती भरते. पुढच्या वर्षी बघू.

तब्येतीला जप. रात्री उशिरापर्यंत वाचत बसू नकोस.

तुझा
दादा


१९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. पत्र मिळालं आणि वाचताना कान तापले. पोरीने परस्पर आमच्या कार्यालयात फोन केला, आणि साहेबांनी तिला सांगितलं की छप्पर धडधाकट आहे. पकडलंत तुम्ही मायलेकींनी. लहानपणी मी थाप मारली की तू माझ्या कानांकडे बघायचीस. पत्रात कान दिसत नाहीत, म्हणून धीर केला होता.

तर छप्पर जागेवर आहे. त्या लपणात जायला मीच कचरतो, म्हणून तुलाही टाळत होतो. का ते सांगतो, हसू नकोस.

आमची मोजायची पद्धत तुला ठाऊक आहे. एकाने दुर्बिणीतून बघून आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. खाली दोघांच्या सह्या. एकट्याने पाहिलेला पक्षी वहीत जात नाही, मग तो डोक्यावर येऊन बसला तरी. अकरा वर्षं मी "बेचाळीस" म्हणालो की माझ्या डाव्या खांद्यामागून मास्तरांचं "बेचाळीस" यायचं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. शाळेतून निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. नावाडी आकडा परत म्हणत नाही, नुसती मान हलवतो. तरीही त्या लपणात मी आकडा सांगितला की मागून तो परत येतो. आधी वाटलं, फळ्यांमुळे आवाज घुमत असेल. पण घुमला तर तो माझा आवाज घुमायला हवा.

दुसरंही एक आहे. दुर्बीण फिरवत दक्षिणेकडे नेली, की पलीकडच्या काठावरचं पाणी सोडायचं लोखंडी दार दिसतं. जिथे मास्तर सापडले ते. तिथून कोणीतरी मला मोजतंय असं वाटतं. मी मोजत नाही, मला मोजलं जातंय. मी भित्रा नाही हे तू जाणतेस. पण हल्ली त्या फटीसमोर बसवत नाही. बाजूला भिंतीला टेकून बसतो आणि नावाड्याला बघायला लावतो. त्याचे आकडे कसे असतील ते तूच समज.

मागच्या गुरुवारी मी हिय्या करून दक्षिणेच्या बांधावर गेलो, एकटाच. वर्षभरात पहिल्यांदा. ऊन उतरणीला लागलं होतं, लव्हाळं सुकून पिवळं पडलेलं. दाराशी, उथळ पाण्यात, काळा करकोचा उभा होता. लाल चोच, लाल पाय, पाठीवर हिरवट झाक. चांगली वीस मिनिटं मी त्याला पाहिलं. त्यानेही मान वाकडी करून मला पाहिलं.

हा पक्षी आमच्या तळ्यावर कोणी पाहिलेला नाही. म्हणजे, एकाने पाहिला होता. जाण्याच्या तीनच दिवस आधी मास्तर गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन कार्यालयात आले. "दादा, दाराशी काळा करकोचा आहे."

मी म्हणालो, "पाणकावळा असेल."

"पाणकावळ्याला लाल पाय कधीपासून फुटले?"

मी वही मिटली. "दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही, मास्तर. तुमच्यासाठी नियम बदलू का?"

"मग चला की. दाखवतो."

मी गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे मला हेवा वाटला होता. तीस वर्षं या तळ्यावर मी झिजलो, आणि करकोचा दिसावा तो हौसेने आलेल्या गणिताच्या मास्तरांना. पुढचे तीन दिवस आमचं बोलणं कामापुरतं होतं. हे तुला मी सांगितलं नव्हतं.

आता करकोचा मी पाहिला आहे आणि वहीत लिहिता येत नाही, कारण मी एकटाच होतो.

पाटीचं वाचलं. पोरीने साहेबांशी बोलून ठरवलंय म्हणे, लपणाच्या दारावर लावायची: 'इथे मास्तरांनी शेवटची दोनशे चाळीस तलवार बदकं मोजली.' तिला म्हणावं, जरा थांब. एवढी घाई नको.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, समासात, तू विचारलं आहेस: "दादा, त्या आकड्याच्या शेवटी शून्य कसं रे? ह्यांचा आकडा कधी असा सरळ नसायचा. मटार सोलले तरी एकशे त्र्याण्णव दाणे निघाले म्हणायचे."

पक्षी कधीकधी दहाच्या पटीतही बसतात, धाकटे.

आता थांबतो. बाहेर नावाडी हाका मारतोय.

तुझा
दादा


२८ ऑक्टोबर

धाकटे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. वर आशीर्वाद लिहायला हात धजावला नाही.

पक्षी दहाच्या पटीत बसत नाहीत. तो आकडा मी खुर्चीत बसून लिहिला.

सहा नोव्हेंबरला आमची पाळी उत्तरेच्या लपणात होती. जेवण झाल्यावर मास्तर कार्यालयाच्या दारात उभे राहिले, दुर्बीण गळ्यात. म्हणाले, "शेवटचं विचारतो. दक्षिणेला येता?" मी वर न बघता म्हणालो, "तुमचा करकोचा तुम्हालाच लखलाभ." ते हसले. "ठीक. मी बघून येतो, तुम्ही उत्तर सांभाळा." आणि गेले.

मी उत्तर सांभाळलं नाही. बाहेर वारा होता, आत शेगडी होती. चहा केला, पाय पसरले, आणि चारच्या रकान्यात लिहून टाकलं: तलवार बदकं, दोनशे चाळीस. खाली माझी सही केली. त्यांचीही केली. दोघांपैकी एक आजारी असला की आम्ही अधूनमधून एकमेकांची सही करायचो, त्यामुळे हात बसलेला होता. करकोच्यासाठी नियमाचा बडेजाव करणारा मीच, आणि ही खोटी नोंद करणाराही मीच.

अंधारून आलं तरी ते परतले नाहीत. साहेबांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि विचारलं, "चार वाजता तुम्ही दोघं उत्तरेला होतात?" त्याच महिन्यात खोट्या नोंदीवरून एका रखवालदाराला घरी बसवलं होतं. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मला वाटलं, मास्तर आत्ता दारातून येतील, मला चार शब्द सुनावतील आणि विषय संपेल. मी म्हणालो, "होय. मी पुढे निघून आलो, ते मागे राहिले."

एवढंच वाक्य. ते मागे घ्यायला मला सगळी संध्याकाळ मिळाली होती.

सगळे विजेऱ्या घेऊन उत्तरेला निघाले आणि वाट दाखवायला मी पुढे. लव्हाळं पालथं घातलं, पाण्यात बांबू घालून पाहिलं. ते तिथे नाहीत हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि सगळ्यात मोठ्याने हाका मी मारत होतो. दर हाकेनंतर ठरवत होतो, आता साहेबांना सांगू. मग धुकं उतरलं आणि साहेबांनी सगळ्यांना माघारी बोलावलं.

उजाडताच मी एकटा दक्षिणेला गेलो. तू सगळ्यांना सांगतेस, माझ्या दादाला आतून कळलं, त्यानेच शोधून काढलं. आतून काही कळलं नव्हतं. मला आधीपासून माहीत होतं.

दारावरच्या ओल्या फळीवरून घसरून त्यांचा पाय लोखंडाच्या सांध्यात अडकला होता. लगेच गेले, असं मी तुला सांगितलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं ते वेगळं. थंडीने गेले, पहाटेच्या सुमाराला.

त्यांच्या हातात खिशातली छोटी वही होती. कोणी यायच्या आत मी ती माझ्या कोटात टाकली. वर्षभर ती माझ्या उशाखाली आहे. ती या पत्रासोबत ठेवली आहे. शेवटचं पान मी इथे उतरवून काढतो, म्हणजे त्यांचं अक्षर अचानक समोर यायच्या आधी तुला ठाऊक असेल.

४.१० काळा करकोचा, एक. दाराशी.
४.२५ घसरलो. पाय अडकला, निघत नाही.
५.४० हाका मारल्या. वारा उलटा आहे.
६.३५ उत्तरेला दिवे. नऊ.
६.५० अजून नऊच. दादाला ठाऊक आहे मी इथे आहे. येईल.
८.०५ दिवे शून्य.

आम्ही नऊच होतो, धाकटे. साहेब, नावाडी, सहा रखवालदार आणि मी. मास्तरांचा आकडा शेवटपर्यंत बरोबर होता. त्या नवांतला एक दिवा माझ्या हातात होता आणि माझी पाठ त्यांच्याकडे होती.

आता तुला कळेल मी त्या फटीसमोर का बसत नाही.

उद्या सकाळी साहेबांपुढे वही ठेवून हे सगळं सांगणार आहे. ते जे करतील ते करोत. पाटी लावू नका. ज्या दुपारच्या आधारावर तू वर्ष काढलंस ती मी रचलेली होती, आणि ती तुझ्याकडून काढून घेताना बदल्यात द्यायला माझ्याजवळ फार थोडं आहे. त्यांची शेवटची दुपार माझ्याबरोबर बदकं मोजण्यात गेली नाही. पण त्यांना करकोचा दिसला. त्यांना भास झाला नव्हता, पाणकावळाही नव्हता. लाल पाय होते. मी स्वतः पाहिले. मी तेव्हा उठून गेलो असतो तर आम्ही दोघांनी मिळून पाहिला असता, आणि पाय अडकल्यावर ओढून काढायला माझे हे दोन हात तिथे असते.

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द मागायचा हक्क मी त्या संध्याकाळी साडेसहाला घालवला.

सहा तारखेला ये किंवा येऊ नकोस. आलीस तर उत्तरेला जाऊ नकोस, तिथे काही नाही. दक्षिणेच्या बांधावर चारच्या सुमाराला जा. वाट कोरडी आहे, मी फळ्या बदलून घेतल्या आहेत. करकोचा अजून रोज येतो. मी बांधाच्या अलीकडच्या टोकाला उभा असेन आणि तू हाक मारल्याशिवाय पुढे येणार नाही. हाक नाही मारलीस तरी अंधार पडून तू सुखरूप परत निघेपर्यंत तिथेच उभा राहीन, पेटती विजेरी घेऊन, तोंड तुझ्याकडे करून.

वहीत काळ्या करकोच्याची नोंद आज मी केली आहे. एका वर्षाच्या अंतराने का होईना, दोघांनी पाहिला. त्यांच्या सहीची जागा मात्र रिकामी ठेवली आहे. ती मी आता करणार नाही.

ही खालची सही माझी, फक्त माझी.

दादा