डावीकडे जाड कंबर

प्रिय पप्पा,

गेलेल्या माणसाचा हात हिऱ्यात ओळखता येतो का? मला सांगता येत नाही. पण सुरतेत वराछाच्या दुकानात साखरपुड्यासाठी पाहिलेल्या हिऱ्याची कंबर, म्हणजे भोवतालची मधली कड, तुम्ही घासलेल्या हिऱ्यांसारखीच डावीकडे जाड होती. तळ नको तितका खोल आणि मधोमध काळोख.

"पूर्ण कॅरेट आहे, घरी सांगूनही टाकलंय!" माझा होणारा नवरा भौतिक म्हणाला. "की अंगठीलाही परीक्षेला बसवणार, ग्रॅज्युएट मॅडम?"

कारखान्यात शेठ तुम्हाला तळ खोल ठेवून वजन राखायला लावायचे. घरी येऊन तुम्ही म्हणायचात, "आज पुन्हा उजेड मारला."

डोळे मिटले की तो काळोख माझ्याकडे बघायचा.

तुमची खूण पुसली जाणार, हे ठाऊक होतं. तरी तोच हिरा घेतला आणि काल घंटीवर, हिरे घासायच्या चाकावर, चढवून योग्य मापात घासून घेतला. आता तो पूर्ण कॅरेट नाही, पण मधला काळोख गेला.

तुमची,
रिंकल