गूळवाल्याचा तराजू

पारनेर, रविवार, १९४८

शाळेत शिकवता शिकवता एम.एस्सी. करायची हौस! आठवडाभर क्वांटम मेकॅनिक्सच्या एकाच ओळीत अडकलोय. डावीकडे 'ब्रा' नावाचं चिन्ह, उजवीकडे 'केट' नावाचं, मध्ये ऑपरेटर, म्हणजे जे मोजायचं त्याचं चिन्ह. तो स्वसंलग्न असला तर डावीकडे लावा नाहीतर उजवीकडे, उत्तर एकच. पण त्याने साधतं काय? कंटाळून पुण्याच्या सरांना कार्ड लिहिलं, 'परीक्षा सोडतो.'

ते टाकायला निघालो तर बाजारात शेजारच्या गंगूबाई गूळवाल्याशी भांडत होत्या. "आता अदलाबदल कर, गूळ त्या पारड्यात टाक, वजन ह्या. काटा सरळ ऱ्हायला तरच तुजा तराजू खरा!"

अरे! बाजू बदलूनही उत्तर तेच, म्हणून तर मापावर भरवसा!

गूळवाल्याचा तराजू काही स्वसंलग्न निघाला नाही. गंगूबाईंना गुळाचा जादा खडा मिळाला. कार्ड अजून खिशातच आहे. उरलेल्या कोऱ्या जागेत त्या ओळीची सिद्धता लिहिली. उद्या तेच टाकतो, वरचं वाक्य खोडून.