बटाट्याचा शिक्का

पान्चेवो, २० फेब्रुवारी १९२६

प्रिय लाव्र,

आधीच सांगते, मला पत्र लिहायची हौस नाही. गावच्या देवळात घंटा वाजवणाऱ्याकडे दोन हिवाळे अक्षरं गिरवली, तेवढंच माझं शिक्षण. शिवाय दिवसभर चाळीस माणसांचं सूप ढवळून हात उचलत नाही. तरी बसलेय. चुका दिसतील त्यांना हस. नाहीतरी हसणं हाच तुझा धंदा होता.

इकडे नवीन काही नाही. खानावळीचं छप्पर गळतं, खाली बादली ठेवते. झिनाईदाबाई अजून खुर्ची घेत नाहीत. "वसंतात घरी जायचंय, कशाला लाकूड वाढवायचं?" असं म्हणतात आणि सहा वर्षं ट्रंकेवर बसून जेवतात. आपण देश सोडून पळून आलेले सगळेच तसले. म्हणून तर तू आपल्या खानावळीच्या मासिकाचं नाव 'बोचकं' ठेवलंस. एकच प्रत, तुझ्या हातची, माझ्या दोऱ्याने शिवलेली. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून परत यायची तेव्हा पानोपानी बीटाच्या सुपाचे डाग. मला दर अंकात बदक म्हणून काढायचास, हातात सुपाचा डाव दिलेलं. मी ओरडायचे, "मेल्या, माझी मान एवढी लांब आहे होय रे?" तू म्हणायचास, "मान नाही ती, मावशी, जीभ आहे." अख्खी खानावळ हसायची. मीसुद्धा हसायचे, पण तुला पाठ करून.

आता कोणी हसत नाही. गुमान गिळतात नि उठतात. कंटाळा आलाय मला या माणसांचा, आणि माझाही.

नाताळचा तो अंक मी अजून जपून ठेवलाय. झिनाईदाबाई चुलीत घालणार होत्या, मी हिसकावून घेतला. त्यातलं पहिलं पान तुला पाठ असेल. सरकारी जाहिरातीसारखं लिहिलेलं: मायदेशी परत जाणारी खास गाडी गुरुवारी सकाळी नऊला सुटेल. वर झारच्या दोन डोक्यांच्या गरुडाचा शिक्का, लाल. खाली तुझी थट्टा: प्रत्येकाने आपलं सिंहासन स्वतः उचलावं, आणि ज्यांनी देश हरवला असेल त्यांनी पावती दाखवावी. बाकीची माणसं वाचून पोट धरून हसली. कर्नल येवग्राफ पेत्रोविच मात्र पदकं लावून, ट्रंक घेऊन स्टेशनवर जाऊन बसले. बर्फात, दुपारपर्यंत. नवव्या दिवशी छातीत थंडी भरून गेले.

झिनाईदाबाई तुला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या विनोदाने म्हातारा मारलात, लेफ्टनंट." तू दौत चुलीत रिकामी केलीस आणि दुसऱ्या दिवशी बल्गेरियात कोळशाच्या खाणीत निघून गेलास. मी तुला वाटेसाठी पाव बांधून दिला. आठवतं, तुझ्याकडे बघितलं नाही मी? तुला वाटलं असेल, हीसुद्धा रागावली.

आता ऐक. कर्नलसाहेबांना शरदापासून दिसत नव्हतं. लाजेने कोणाला सांगत नसत. चमचा सुपात पडायच्या आधी ताटलीवर आपटायचा, ते फक्त मला कळलं, कारण वाढणारी मी. अंक शिवायला माझ्याकडे आला त्या दुपारी ते चुलीजवळ शेकत बसले होते. म्हणाले, "वाच गं, बघू काय खोडी काढलीय." मी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले. गाडी. गुरुवार. नऊ. गरुडाचा शिक्का. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी पळाले. परत येऊन खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. कशाला वाचू? जे हवं होतं ते वर लिहिलेलं होतं ना! म्हातारा रडत होता. मीही रडले, आणि नंतर टेबलांवर लोक हसले तेव्हा वाटलं, गाडीच्या आनंदानेच हसतायत.

तो शिक्का तू माझ्याच टोपलीतल्या बटाट्याचा कोरला होतास आणि माझ्याच बीटाच्या रसात बुडवला होतास. गरुड कसला, दोन डोक्यांची कोंबडी होती ती. दुसऱ्या कोणी नाही तरी मी तो ओळखायला हवा होता.

आणि गुरुवारी मी स्टेशनवर त्यांना आणायला गेले, असं सगळ्यांना वाटतं. खोटं आहे. मी माझी ट्रंक घेऊन गेले होते, लाव्र. भट्टीत पाव होता म्हणून उशीर झाला. पोहोचले तेव्हा सर्ब स्टेशनमास्तर त्यांच्या खांद्यावर आपला कोट घालत होता, आणि त्याचं तोंड बघून मला कळलं, गाडी-बिडी काही नाही. मी ट्रंक कोळशाच्या ढिगामागे ढकलली आणि पुढे होऊन म्हटलं, "चला साहेब, सूप निवतंय." ते वाटेत एवढंच म्हणाले, "मी स्वतः वाचलं, असं सांगेन. तुला इथे राहायचंय अजून." आणि मरेपर्यंत तसंच सांगितलं. मी गप्प राहिले. तू गेलास तरी गप्प राहिले.

नऊ मार्चला त्यांचा चाळिसावा दिवस. त्यांच्या नावाने मधातले गहू शिजवीन, सगळे येतील. तूही ये. शेवटच्या आजारात त्यांनी दोनदा विचारलं, "पुढचं बोचकं कधी?" कागद कापून ठेवलाय, दोरा मेणात ओढून ठेवलाय. अंक काढ. पहिल्या पानावर बदक काढ, स्टेशनवर ट्रंक घेऊन बसलेलं, मान हवी तेवढी लांब कर. खाली जे घडलं ते सगळं लिही. सगळे जेवायला बसले की मी उभी राहून वाचून दाखवीन, आणि या खेपेला दूध उतू गेलं तरी शेवटची ओळ संपल्याशिवाय जागची हलणार नाही.

तुझीच, लांब मानेची,
ग्लाफिरा