सईची मराठी वही

देवास, मंगळवार, संध्याकाळ

वरच्या घरातली सई हिंदी शाळेत जाते, म्हणून माझ्याकडे मराठी शिकते. काल तिला ‘आमचं घर’वर पाच ओळी लिहायला दिल्या. मी नुसत्या काना-मात्रा पाहिल्या. एकही चूक नाही, म्हणून कौतुकानं वही तिच्या बाबांनाच दाखवली. कशाला दाखवली मी? त्यांनी सावकाश वाचलं. “बढिया लिहिलंय, काकू,” म्हणाले आणि वही घेऊन वर गेले.

चौथ्या ओळीचा अर्थ आज दुपारी भाजी निवडताना डोक्यात शिरला. ‘बाबा टीव्ही मोठा करतात, मग आईचं रडणं खाली ऐकू जात नाही.’

सई आज आली नाही. आत्ता वरचा टीव्ही मोठा झालाय. आणि मी इथे लिहीत बसलेय.