बेचाळीस खुणांची गाडी

३ मार्च, सकाळी ९.१०
वापरलेल्या गाड्यांच्या शोरूममध्ये तपासनीस म्हणून आज सहावा महिना लागला. काल एक पांढरी गाडी आली. नऊ महिन्यांची, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. पाच महिने झाकून उभी होती. मालकांना ठणकावून सांगणार आहे : विकण्याआधी सर्व्हिस झालीच पाहिजे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३ मार्च, संध्याकाळी
मालक फोनवर होते. उद्या.

४ मार्च
सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. मालक म्हणाले, पाळण्यातल्या बाळाला कुणी चष्मा लावतं का? पुसून ठेव. शोरूमचे मिस्त्री मोठ्याने हसले. मागाहून मात्र मला म्हणाले, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते, बॉनेट उघडून बघायला अर्धा तास पुरे. तोंडी बोलण्यात अर्थ नाही. लेखी अर्ज देणार.

६ मार्च
अर्जाचा चौथा मसुदा. ‘निष्काळजीपणा’ शब्दकोशात बघून घेतला. शाळा नववीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही.

७ मार्च
ताईने गाडी पसंत केली. बारा तारखेपासून हॉस्पिटलात नवी नोकरी, सकाळी सहाची ड्यूटी, त्या वेळी बस नाही. कच्ची नेमणूक, पहिल्या दिवशी उशीर झाला तर संपलंच. भावोजी म्हणाले, आणखी चार ठिकाणी बघू. ताई म्हणाली, “माझा भाऊ दाराची कडी तीनदा ओढून बघतो. त्याने बघितली म्हणजे बघितली.” छाती फुगली. आता तर सर्व्हिस करायचीच.

८ मार्च
तपासणीच्या फॉर्मवर बेचाळीस रकाने. घाईत अक्षर बिघडतं, म्हणून आजच भरून ठेवला. ‘सर्व्हिस झाली’ यापुढेही खूण केली. उद्या होणारच आहे.

९ मार्च
मिस्त्री रजेवर. अर्जाचा सातवा मसुदा उत्तम जमला. ‘माननीय’ की ‘आदरणीय’, एवढंच ठरायचं आहे.

१० मार्च, दुपारी
ताई आजच गाडी घेऊन गेली. सांगणारच होतो, पण तिने फॉर्म वाचून अक्षराचं कौतुक केलं. शांतपणे विचार करता, कंपनीने इतक्या बारकाईने जुळवलेली गाडी उघडणं म्हणजे ढवळाढवळ. मालकांच्या बोलण्यात तथ्य आहे. अर्ज रद्द.

१२ मार्च, सकाळी ६.२५
ताईचे तीन मिस्ड कॉल. नव्या गाडीचा आनंद सांगायचा असेल. चहा झाल्यावर करतो.

१२ मार्च, संध्याकाळी
गाडी उड्डाणपुलावर बंद पडली. मिस्त्रींनी बॉनेटखालचा एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं घरटं, पिल्लांसकट. ताई आठ वाजता पोचली, तोवर तिच्या जागी दुसरी बाई उभी होती. ताईचं नाव आता राखीव यादीत.

भावोजी मालकांवर तुटून पडले. मालकांनी माझा फॉर्म पुढे सरकवला. बेचाळीसच्या बेचाळीस खुणा, खाली माझी सही. भावोजी खुर्चीत बसले.

मालकांनी तिथल्या तिथे नियम केला : यापुढे प्रत्येक गाडीची सर्व्हिस, नवी असो की जुनी. म्हणजे माझं तत्त्व शेवटी मान्य झालं. तपासणी मिस्त्री करणार. मी गाड्या धुणार.

ताई भांडली नाही. फक्त विचारलं, “तू बॉनेट उघडलं होतंस का रे?”

मी म्हणालो, फॉर्म पूर्ण होता.

ती बसने घरी गेली.