घरजावई आणि पेत्रोवदानचा पाहुणा

अरिल्ये, रविवार दुपार

प्रिय स्रेतेन,

हे पत्र कागदावर लिहिते आहे, कारण कंपनीच्या मेलमधून माझं नाव काढलं गेलं आणि घरच्या भिंतीवरची कंपनीच्या इंटरनेटची ती हिरव्या दिव्याची पेटी तुमची माणसं मंगळवारी उतरवून घेऊन गेली. लिफाफा संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देते. तुला फोन करून फक्त गाडीचा नंबर सांगेन. कॉम्प्युटरची सुरक्षित जाळी विणण्यात माझी तीस वर्षं गेली, पण आपल्या बस ड्रायव्हरइतकं भरवशाचं काही अजून माझ्या पाहण्यात नाही.

परवा सकाळी दहाला बेलग्रेडमध्ये मला चौकशी समितीपुढे यायचं आहे. नोटिशीत स्वच्छ लिहिलंय. पेत्रोवदानच्या दिवशी माझ्या घरच्या पेटीला जो परका फोन जोडला गेला, तो कुणाचा हे सांगितलं तर ताकीद देऊन सोडतील. नाही सांगितलं तर नोकरी गेली. तुमच्या वकीलबाईंनी वर फोन करून समजावलंसुद्धा, "मॅडम, एका नावाचा तर प्रश्न आहे, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?" मी म्हटलं, बाई, पाय माझा, धोंडाही माझा. नाव मी सांगणार नाही. तुलाही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे परवा समितीच्या मधल्या खुर्चीत बसून तुला आश्चर्याचा चेहरा करावा लागणार नाही.

चूक माझी आहे, आणि ती मी पहिल्याच दिवशी लिहून दिली आहे. आमच्या घराचा संत पेतार. त्याचा दिवस, पेत्रोवदान, ऐन रास्पबेरीच्या हंगामात येतो, त्यामुळे वडिलांच्या काळापासून आमचा सण हा धावपळीचाच. तीन दिवस कंपनीच्या शीतगृहात आणि दोन दिवस घरून असं माझं काम चालतं. त्या दिवशी घरची पाळी होती. कपाटावर लॅपटॉप उघडा, शेजारी मेणबत्ती, उकडलेल्या गव्हाचं ताट, आणि मी उभी. यजमानाने सणाच्या दिवशी बसायचं नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सकाळी सातपासून पायांचे तुकडे पडले होते. आदल्या आठवड्यात वीज पडून घरचं इंटरनेट जळलं होतं. कंपनीची पेटी तेवढी चालू होती. एका पाहुण्याने पासवर्ड मागितला. पाहुण्यांसाठी जाळ्याचं वेगळं दार उघडणं हे दोन मिनिटांचं काम, ते मी इतरांना शिकवते! पण पाद्रीबाबा सणाचा पाव कापायला दारात येऊन ठेपले होते, हातात वाइनची बाटली होती, आणि मी आतल्या दाराचीच किल्ली देऊन टाकली. पेटीच्या नोंदीत वेळ आहे, चार वाजून पस्तीस मिनिटं. फोनचं नाव नोंदीत नाही. पण मी पासवर्ड दिवसभरात एकालाच दिला होता.

त्या दिवशी तूही आलास. अकरा वर्षांनी. आपल्याकडे सणाला बोलावणं नसतं, दार उघडं असतं, आणि आलेल्याला का आलास असं विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नाही. तू गव्हाचे दोन चमचे खाल्लेस, पूर्वीसारखेच, आणि वडिलांच्या फोटोकडे बघून क्रुसाची खूण केलीस. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? शीतगृहात तारा ओढताना आपण दोघं एकाच थर्मासमधून कॉफी प्यायचो, ती चव तोंडात आली. तू बेलग्रेडला गेलास तेव्हा सहा महिन्यांत बोलावतो म्हणाला होतास. मी दोन वर्षं वाट बघितली, मग बघणं सोडलं. त्याचा राग आता उरलेला नाही. म्हणजे थोडा आहे.

पण लिंडनच्या झाडाखाली राकियाचा पेला हातात घेऊन तू बोललास काय, तर, "दोब्रिला, हट्ट सोड. सगळी कंपनी एका जागेवरून चालणार आहे. तुझं ते कोपऱ्यातलं यंत्र शरदात काढायचंय." मी म्हटलं, सणाच्या दिवशी धंद्याचं बोलू नये. तू हसलास. विदोये ऐकत होता. चाळीस वर्षं शीतगृहाचा मुकादम असलेला माणूस कधी गप्प बसलाय? "साहेब, घरजावयाला असं हाकलू नका," तो म्हणाला. "खातो थोडं, बसतो कोपऱ्यात, पण चोर आला तर भुंकणारा तोच एक."

घरजावई हे नाव त्यानेच ठेवलं. तो बुटाच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर मी शीतगृहात बसवला तेव्हा विदोये म्हणाला होता, "काम काय करतो हा? सासऱ्याची वीज जाळतो नुसता!" आणि हा बिचारा खोल्यांचं तापमान जागेवरच मोजतो, जागेवरच ठरवतो, बेलग्रेडला फक्त कळवतो. तिकडून हुकूम आलाच, तर आधी माझ्या खिशातली किल्ली मागतो. ही किल्लीची भानगड तुमच्या आराखड्यात नव्हती. ती मी घातली. यंत्र काढा म्हणून तुझ्या सहीची तीन पत्रं आली, तिन्ही मी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीखाली ठेवली. ओल लागून शाई पुसली गेली, त्याला माझा इलाज नाही.

मग दुसऱ्या दिवशीची सकाळ. बेलग्रेडच्या मुख्य कचेरीतले कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे. चाचाकच्या हिशेबनीस बाया आपापल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलेल्या, एकीलाही आत शिरता येईना. विदोयेचा फोन आला, "काय गं, बेलग्रेड मेलं म्हणतात. आपल्या खोल्या?" मी म्हटलं, उणे वीस. "मग सावकाश मरू दे," म्हणाला आणि फळाच्या गाड्या उतरवायला गेला. नंतर मी नोंदी वाचल्या. त्या परक्या फोनमधून आत शिरलेल्या चोराने पहाटे शीतगृहालाही हुकूम सोडला होता, गारवा बंद कर म्हणून. सात वेळा. घरजावयाने सातही वेळा किल्ली मागितली, आणि मग बेलग्रेडचा संबंधच तोडून टाकला. चारशे टन रास्पबेरी, स्रेतेन. दोनशे घरांचा उन्हाळा त्या खोल्यांत होता. तुमच्या अहवालात यावर एक ओळ आहे, "अरिल्ये येथील हानी नगण्य." नगण्य! कुणामुळे, ते लिहायला शाई संपली असेल.

वकीलबाईंना वाटतं, मी कुणा स्पर्धकाच्या माणसाला पाठीशी घालते आहे. त्या नव्या पिढीच्या, शहरातल्या. त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट ठाऊक नाही, तुला आहे. मी जन्मले नव्हते तेव्हाची. कम्युनिस्ट पक्षाच्या माणसांनी सणाला जाऊ नये असा तो काळ, आणि तालुक्याच्या कचेरीत वडिलांना विचारलं गेलं, पेत्रोवदानला तुझ्या टेबलाशी कोण कोण बसलं होतं? वडील म्हणाले, पाहुणे बसले होते. नावं? मी उभा होतो, वाढत होतो, तोंडं बघायला सवड नव्हती. त्यांची फोरमनची जागा गेली, सहा वर्षं त्यांनी पोती उचलली. त्या टेबलाशी पक्षाचे एक शाळामास्तर होते, गव्हाचे दोन चमचे खाणारे. त्यांची नोकरी शाबूत राहिली, म्हणून त्यांचा मुलगा शिकला, इंजिनियर झाला, आणि पुढे माझ्याबरोबर तारा ओढायला आला. तुझे वडील मरेपर्यंत दर पेत्रोवदानला आमच्याकडे सर्वांत आधी यायचे, आठवतं?

तर आता ऐक. नोकरी गेली तर जाईल. अठ्ठावन्न वर्षांची आहे, हात धड आहेत, आणि विदोये म्हणतो रास्पबेरी तोडायला माणसं मिळत नाहीत. पण मान खाली घालून मी येणार नाही. खुर्ची देऊ नका, मी उभीच राहीन. पेटीची चूक माझी, ती मोठ्याने सांगेन. घरजावयाची गोष्टही सांगेन, सातही हुकमांच्या नोंदी छापून आणते आहे, प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत ठेवेन. ते यंत्र जागचं हलवायचं असेल, तर आधी त्या नोंदी वाचाव्या लागतील.

आणि हे पत्र का लिहिलं, ते सांगून संपवते. तुला खरंच माहीत नसेल, असं मला अजून वाटतं. तसं असेल तर एकांतात कळावं, परवा सगळ्यांसमोर नव्हे. माहीत असूनही नोटिशीवर सही केली असशील, तर मात्र तू तुझ्या वडिलांचा मुलगा नाहीस. पाद्रीबाबा दारात आले तेव्हा माझ्यामागे उभा राहून, "पाचच मिनिटं, दोब्रिला, इथे रेंज नाही, एक निरोप बघायचाय," असं म्हणत स्वतःचा फोन पुढे करणारा पाहुणा तू होतास. खासगी फोन कंपनीच्या जाळ्याला लावू नये, हा नियम चौदावा. तो तूच लिहिलास. परवा दहा वाजता मधल्या खुर्चीतून तू मला विचारशील, फोन कुणाचा. मी म्हणेन, पाहुण्याचा. नाव विचारशील. मी उभी होते, वाढत होते, एवढंच म्हणेन. त्यानंतर त्या खोलीत खरं उत्तर ठाऊक असलेला एकच माणूस बोलायचा उरेल.

तुझीच, आणि माझ्या वडिलांची मुलगी,
दोब्रिला